उणे एक

दौंडच्या त्या खासगी दवाखान्यात नवा ऑरॅकल डेटाबेस सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. जुन्या ॲक्सेस प्रोग्राममधून पेशंटांची माहिती त्यात आणायचं काम रिजवानचं. २००३ साली तालुक्यात असली कामं करणारे होतेच किती! काम बिनबोभाट उरकलं म्हणून स्वारी खुशीत होती.

औषधाची ॲलर्जी असली की पडद्यावर लाल पट्टी यायची. ॲक्सेसमध्ये त्यासाठी हो-नाहीचा चौकोन होता, खूण केली की झालं. ऑरॅकलच्या टेबलात हो-नाही असा प्रकारच नव्हता. म्हणून रिजवाननं आकड्याचा रकाना केला: एक म्हणजे हो, शून्य म्हणजे नाही. दोन-चार नवे पेशंट घालून बघितलं, पट्टी चोख आली. जुना एखादा उघडून बघावा, हे काही रिजवानसाहेबांच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरांनीही नर्स सायलीला सांगून टाकलं, की आता दरेकाला विचारत बसू नका, पडदा बघत जा.

त्या दुपारी वडगाव रासाईच्या सोजराबाई आल्या, पायात खिळा घुसून पाय सुजलेला. रिजवानच्या शेजारच्याच त्या, तो त्यांना मावशी म्हणायचा. सायलीनं पडदा पाहिला. पट्टी नव्हती. तिनं पेनिसिलिन सुईत भरलं.

शेजारच्या टेबलाशी बसलेल्या रिजवाननं बाटलीवरचं नाव वाचलं. दोन वर्षांमागं इथंच, ह्याच औषधानं मावशींचा श्वास कोंडला होता. तेव्हा तो सोबत होता, आणि चौकोनात खूण झालेली त्यानं डोळ्यांनी पाहिली होती.

"थांबा. ती सुई देऊ नका."

सायली थांबली. त्यानं मूळ रकाना उघडला. मावशींच्या नावापुढं उणे एक. ॲक्सेस 'हो' असाच साठवतो, आणि रिजवानचा प्रोग्राम फक्त एक आहे का तेवढंच बघत होता. म्हणजे ॲलर्जीचा एकूण एक जुना पेशंट आठवडाभर धडधाकट दिसत होता. रिजवानला स्वतःची भयंकर शरम वाटली. शून्य नसेल ते सगळं 'हो' धरायचं, अशी त्यानं दुरुस्ती केली. लाल पट्टी आली. डॉक्टरांनी औषध बदललं.

रिजवाननं विचारलं, "मावशी, तुम्हाला ठावं व्हतं, मग बोलला का न्हाई?"

"गेल्या साली आले तवा बाईनं इचारलं, म्हून सांगितलं," सोजराबाई म्हणाल्या. "आज समदी त्या डब्यालाच इचारत व्हती. म्या म्हनलं, त्याला जास्त कळत आसंल."