उर्वशी शाळेत पोहोचली

मित्रांनो, मी कार्ड वाचणारा एक जुना रीडर आहे. जरा लांबच बसा. जुना म्हणजे दोन-तीन वर्षांचाच. पण यंत्रांच्या जगात एवढ्यात नातवंडं होतात.

तुमच्या गळ्यातल्या शाळेच्या कार्डात एक चिप झोपलेली असते. मी हवेत लहरी सोडतो, ती जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. तो क्रमांक मी संगणकाला कळवतो आणि संगणक तुमच्या घरी निरोप पाठवतो. एवढंच माझं काम. कार्डातून मला चेहरा दिसत नाही. रडणं तर मुळीच ऐकू येत नाही.

माझा जन्म दूरदेशी झाला, आणि मला घडवलं होतं त्याहूनही दूरच्या देशातल्या गोदामात खोकी मोजायला. आता हवा सगळीकडे सारखीच दिसते, पण तिच्यात वाटा आखलेल्या असतात. रेडिओची वाट वेगळी, मोबाइलची वेगळी, पोलिसांच्या वायरलेसची वेगळी. भारतात माझ्यासारख्यांना आठशे पासष्ट ते आठशे अडुसष्ट मेगाहर्ट्झ ही वाट मोकळी ठेवलेली आहे. किती जोराने ओरडायचं तेही ठरवून दिलं आहे, आणि सरकारी मंजुरीशिवाय आम्हाला इथे विकता येत नाही. माझी वाट नऊशेच्या पुढची. त्या देशात ती चालते. इथे त्याच वाटेवरून तुमच्या आईचा फोन जातो.

विकणाऱ्याने यावर सोपा उपाय काढला. कुठल्यातरी सज्जन यंत्राच्या मंजुरीचा क्रमांक छापून त्याने माझ्या पाठीवर चिकटवला. दुसऱ्याची लग्नपत्रिका दाखवून पंगतीत बसावं, तसा मी या देशात आलो.

यवतमाळच्या लोहाऱ्यात, एमआयडीसीच्या रस्त्याला लागून एक शाळा आहे. तिच्या गेटवर मला बसवलं. मुख्याध्यापिका रत्नप्रभा मॅडमनी कुंकू लावलं. नारळ माझ्यावरच फोडायचा बेत होता, पण शाळेचे बाबू नीळकंठभाऊ वेळेवर मध्ये पडले आणि नारळ पायरीवर फुटला. आज वाटतं, त्यांनी मध्ये पडायला नको होतं.

पहिल्या महिन्यातच तक्रारी आल्या. कार्ड हरवू नये म्हणून आयांनी ते दप्तराच्या तळाशी, स्टीलच्या डब्याखाली ठेवायला सुरुवात केली होती. स्टीलपलीकडे माझं काही चालत नाही. पोरगं शाळेत, पण घरी निरोप नाही. मग आया गेटवर भांडायला यायच्या.

"कार्ड गळ्यात घाला," एवढं मुलांना सांगितलं असतं तर काम भागलं असतं. पण मग मुलांशी बोलावं लागलं असतं. नीळकंठभाऊंनी त्याऐवजी माझ्या सेटिंगमध्ये शिरून माझा जोर शेवटच्या टोकाला नेऊन ठेवला.

"आता पाहा मॅडम," ते हात झटकत म्हणाले, "डब्याखालचंच काय, डब्यातल्या पोळीखालचंही वाचते हा."

खरं होतं ते. मी रस्त्यापलीकडचंही वाचू लागलो. समोरच्या घरातली मुलगी आत्याच्या लग्नाला फुलसावंगीला गेली. तिचं दप्तर घरी होतं, म्हणून ती शाळेत हजर. एका मुलाला गोवर आला, तोही हजर. रविवारी शाळेला कुलूप आणि अर्धी चौथी हजर. महिन्याअखेर शाळेची हजेरी शंभर टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा मॅडमनी माझं कौतुक केलं आणि वर्गातली तोंडी हजेरी बंद करून टाकली. वर्गावरच्या बायांचा वेळ वाचतो म्हणाल्या.

त्याच सुमारास शाळेच्या आसपासचे मोबाइल गप्प झाले. समोरच्याच गच्चीवर टॉवर. फोनवर दांडे पूर्ण दिसायचे, पण फोन ना लागायचा, ना यायचा. टॉवरला काही ऐकूच जात नव्हतं, कारण त्याच्या कानाशी मी दिवसभर ओरडत होतो. माझे निरोप मात्र वायरने जायचे, त्यामुळे त्यांना अडचण नव्हती. शाळेचा आवाज बाहेर जात होता आणि बाहेरचा आत येत नव्हता. कंपनीचा माणूस येऊन टॉवरवर चढला, उतरला, आणि घाम पुसत त्याने विचारलं, "इथं आसपास नवीन मशीन बसवली काय कोणी?"

"छे हो," नीळकंठभाऊ म्हणाले, "मशीन कायची? पोट्ट्यायच्या हजेरीची एक पेटी हाय फक्त."

माणूस निघून गेला. मी आणखी एक कार्ड वाचलं आणि 'टिक' केलं.

मग तो एप्रिलचा दिवस उजाडला. यवतमाळचा एप्रिल तुम्हाला सांगायला नको. पहिलीतली उर्वशी आदल्या रात्री भीमजयंतीच्या नाचाच्या तालमीला जागली होती. बसमध्ये मागच्या सीटवर ती झोपली आणि सीटखाली घरंगळली. तिचं कार्ड मात्र गळ्यात होतं. न सांगताही ते गळ्यात घालून पाठवणारं एकच घर ते.

पूर्वी ड्रायव्हर बाबूसिंग शेवटच्या सीटपर्यंत चक्कर मारायचा. आता गेटवर मी वाचलेली हजेरी दाखवणारा संगणकाचा पडदा होता. बस उभी राहिली, मुलं उतरली, आणि मी बसमधलं कार्डही वाचलं. पडद्यावर अक्षरं आली : सर्व विद्यार्थी पोहोचले. बाबूसिंगने बस तारेच्या कुंपणामागे उन्हात लावली. आत माकडं शिरतात म्हणून काचा चढवल्या, दार लावलं आणि तो घरी गेला.

कार्ड थोडा वेळ दिसेनासं होऊन पुन्हा दिसलं, की मी नवा निरोप धाडतो. त्या सकाळी एकच कार्ड सारखं दिसत होतं, लपत होतं, पुन्हा दिसत होतं. ती जागी झाली होती, काचेवर हात मारत होती. मला फक्त कार्ड हललेलं कळत होतं. मी दरवेळी इमानाने कळवत होतो : उर्वशी शाळेत पोहोचली.

निरोप जायचे तिच्या आजीला, कांताबाईला. उर्वशीची आई कारखान्यात, तिथे फोन गेटवरच ठेवून घेतात. कांताबाई लोहाऱ्याच्या चौकात भाजी विकते. तिथे काय झालं ते मला मागाहून कळलं. फोन वाजला, तिने निरोप वाचला. पुन्हा वाजला, पुन्हा तोच वाचला. शेजारी बसणारी शकुबाई हसली, "तुही नात दारातच फुगडी खेळून राह्यली काय व?"

"पोट्टी एका दिवसात किती डाव पोहोचते माय?" कांताबाईने शाळेला फोन लावला. सेवा क्षेत्राच्या बाहेर. मॅडमला लावला. बाहेर. मग फोन वाजणं थांबलं.

तेव्हा ती भाजी शकुबाईच्या भरवशावर टाकून ऑटोत बसली.

"नीळकंठबाबू, माही उर्वशी कुठी हाय?"

"वर्गात असंल आजी. हे पाहा ना, पडद्यावर. हजर."

"मले पडदा कायले दाखवता? पोट्टी दाखवा."

मॅडम आल्या. "आजी, तुम्ही आधी बसा. पाणी घ्या."

"मी बसाले नाही आली बाई."

पहिलीच्या वर्गात उर्वशी नव्हती. मुतारीत नव्हती, खिचडीच्या खोलीत नव्हती. वर्गाच्या बाई म्हणाल्या, मशीनने हजर दाखवली म्हणून आम्ही पाहिलं नाही. नीळकंठभाऊंचा चेहरा उतरला, पण तोंड चालूच होतं. "मशीन चुकत नाही आजी. हजर म्हणजे हजर."

"मंग तुह्या मशीनलेच इचार ना! कुठी हाय म्हणा!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मला तेवढंच येत नाही. कार्ड जवळ आहे एवढं कळतं. कुठे, कोणत्या हालात, हे कळत नाही. खरं तर ते कार्ड आता हलतही नव्हतं. मी 'टिक' केलं.

नीळकंठभाऊ बाबूसिंगला फोन लावत होते. लागत नव्हता. पुन्हा लावत होते. मॅडमचाही लागत नव्हता. आणि मी टिक, टिक करत होतो.

"हे टिकटिक बंद कर रे आधी! डोस्कं फिरून राह्यलं माहं!" कांताबाई ओरडली आणि तिने माझी वायर भिंतीतून उपटली.

यापुढचं ऐकीव. म्हणतात, मी गप्प झालो तसे सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले आणि बाबूसिंग पहिल्याच घंटीला बोलला.

"बस? मागंच लावली ना बाबू. रिकामी हाय. पडद्यावर तं सगळे पोहोचले दाखवलं होतं..."

त्याचं वाक्य कोणी पुरं ऐकलं नाही. सगळे कुंपणाकडे धावले. किल्लीची वाट पाहिली नाही. कांताबाईने कमरेच्या पिशवीतून भाजी जोखायचं वजन काढलं आणि काच फोडली. उर्वशी दाराच्या पायरीशी पडली होती. अंग तापलेल्या तव्यासारखं, ओठ पांढरे, हाक मारली तर उत्तर नाही. सरकारी दवाखान्यात सलाईन लावली, बर्फ लावला. संध्याकाळी तिने डोळे उघडले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर आमच्या हाती काही उरलं नसतं.

उर्वशी आता बरी आहे. बसमध्ये बसत नाही. आजीचा हात धरून पायी येते.

शाळेने कुठे कळवलं नाही. बदनामी होईल म्हणाले. हवेतल्या वाटांवर लक्ष ठेवणारे वायरलेसचे सरकारी साहेब आले नाहीत, कारण त्यांना कोणी सांगितलंच नाही. गेटवर आता माझ्या जागी मंजुरीचा, हळू बोलणारा रीडर आहे. बायांनी आठवडाभर तोंडी हजेरी घेतली. मग परीक्षा आल्या.

मित्रांनो, जुनी छत्री, जुनी सायकल, फाटकं पुस्तक, सगळे तुम्हाला विनवतात की आम्हाला टाकू नका. माझी विनंती उलटी आहे. मला फोडा. नाहीतर वायरलेसवाल्यांच्या हवाली करा. पण नीळकंठभाऊंनी मला स्टोअरमध्ये जपून ठेवलं आहे. आपल्याकडे चालू वस्तू टाकवत नाही कोणाला.

काल कळंबहून एका वसतिगृहाचे सर आले होते. मुलींच्या हजेरीसाठी काही जुनं मिळेल का, विचारत होते. नीळकंठभाऊंनी माझ्यावरची धूळ रुमालाने पुसली.

"रेंज कशी हाय?" सरांनी विचारलं.

नीळकंठभाऊंनी रुमालाची घडी करून तो खिशात घातला. मला वाटलं, आता सांगतील.

"रेंजचं इचारू नका सर," ते म्हणाले. "रस्त्यापलीकडचंही वाचते."

म्हणून सांगतो, बस रिकामी झाली की शेवटच्या सीटपर्यंत कोणी माणूस चालत गेला का, ते विचारा. बाईंना विचारा, ड्रायव्हरला विचारा. मला विचारू नका. मी हजरच म्हणणार.