घड्याळजींची बघण्याची वही

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, आज आवाज फार चढवायचा नाही. एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. शब्द एवढासा, दोन अक्षरांचा. तुमच्याही तोंडून आज सकाळपासून दहादा निघाला असेल, आणि तुम्ही तो विसरलाही असाल. ऐका तर.

डॉक्टरीणबाईंनी यादीतल्या सातव्या नावावर पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं.

यादी मोठ्या प्रयोगशाळेतून आली होती, एकेचाळीस नावांची. साठीच्या आसपासच्या सगळ्यांना तिथून घरपोच एक पाकीट जायचं. आत एक नळी, नळीच्या झाकणाला काडी आणि सूचनांचा कागद. काडी शौचाला लावायची, नळी बंद करायची, पाकीट परत धाडायचं. आतड्याच्या कॅन्सरची पहिली चाहूल त्यातून लागते. ज्यांची पाकिटं परत गेली नव्हती त्यांची ही यादी. वर दोन ओळी लिहिल्या होत्या: लोक आमच्या पत्राकडे लक्ष देत नाहीत, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचं ऐकतात, तरी आपण स्वतः सांगावं.

आपण स्वतः. बाईंनी टेबलाखाली चपला केव्हाच काढून ठेवल्या होत्या. सकाळपासून त्रेपन्न माणसं तपासून झाली होती, पाय सुजून भाकरीसारखे झाले होते, आणि तिसऱ्यांदा गरम केलेला चहा तिसऱ्यांदा गार होऊन समोर बसला होता.

पहिल्या सहा जणांना काउंटरवरच्या मावशींनी फोन केले होते. त्यांचा अहवाल ऐकण्यासारखा होता. एकाचं पाकीट फ्रिजवर होतं, त्यावर डबा होता, डबा हलला की करणार होता. एकीने असले घाणेरडे विषय फोनवर कशाला काढता म्हणून उलट मावशींनाच झापलं होतं. एकाने, तुम्ही स्वतः केलीत का हो, असं विचारलं, तेव्हा आपण फोन ठेवून दिला, हे मावशींनी मान खाली घालून स्वतःच सांगितलं.

आणि सातवे, घड्याळजी.

चौकातल्या बँकेशेजारच्या चिंचोळ्या दुकानात तीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून बसलेला हा माणूस. गोळी आठला म्हटली की आठला. एक वेळ उपाशी राहील, पण नऊला घेणार नाही. एकदा बाईंनी त्यांना रोज चाळीस मिनिटं चाला म्हणून सांगितलं होतं. एका संध्याकाळी दारात पोचल्यावर दोन मिनिटं उरली, म्हणून ते जिन्यापाशीच येरझाऱ्या घालत राहिले, आणि बायको वरून हाका मारत होती.

"त्यांचं पोस्टात हरवलं असणार," मावशी म्हणाल्या. "तो माणूस औषधाची बाटलीसुद्धा मोजून हलवतो."

निरोप गेला आणि त्याच दिवशी पाचच्या ठोक्याला घड्याळजी हजर झाले. आल्या आल्या त्यांनी नेहमीसारखं आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे, आणि नेहमीसारखेच काही न बोलता बसले. भिंतीवरचं घड्याळ सहा मिनिटं पुढे होतं. बाईंनीच करून ठेवलेलं. तेवढाच दिवस लवकर संपल्यासारखा वाटायचा.

पाकीट मिळालं नाही का, असं बाईंनी विचारलं. मिळालं की, दोन वर्षांपूर्वीच, ते म्हणाले. कपाटात आहे, जसंच्या तसं. मग परत का नाही पाठवलंत म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. वर्गात बरोबर उत्तर देऊनही छडी खाल्लेल्या मुलासारखा.

"तुम्हीच सांगितलं होतं ना बाई."

"काय सांगितलं होतं?"

"मी विचारलं, ही करायलाच हवी का. तुम्ही म्हणालात, बघा." त्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढून टेबलावर ठेवली. "तेव्हापासून बघतोय."

बाईंनी वही उघडली. मुंगीच्या पावलांएवढं अक्षर. तारीख, पुढे बरोबरची खूण. तारीख, खूण. पानामागून पान.

घड्याळजी समजावून सांगत होते. संडासातला दिवा आधी मिणमिणता होता, तो बदलून घेतला. पाकिटातल्या कागदावर छापलंच होतं की ही तपासणी रक्त शोधण्यासाठी आहे, म्हणून रोज सकाळी नीट बघायचं. भिंग नाही लावलं, तेवढा काही मी वेडा नाही. एकदा लाल दिसलं होतं, पण आदल्या दिवशी जेवणात बीट होतं, तेही लिहून ठेवलं आहे. बाकी एक दिवस चुकलेला नाही.

फायली घेऊन दारात आलेल्या मावशींना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यावर ढकललं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळजींचा कागद काढला आणि बोट खाली सरकवत दोन वर्षं मागे नेलं. तिथे त्यांच्याच अक्षरात एक ओळ होती: आतड्याची चाचणी समजावून सांगितली.

समजावून. बाईंनी आठवून पाहिलं. तो दिवस आठवेना. असाच असणार. एक हात दाराच्या मुठीवर, बाहेर बाकावर आणखी सतरा जण, आणि हा माणूस निघता निघता काहीतरी विचारतोय. बघा. म्हणजे बघा तुमचं तुम्ही, म्हणजे जमलं तर करा, म्हणजे आता उठा. दिवसातून कितीदा तरी त्या हे म्हणत. कुणी त्याची वही ठेवली नव्हती इतकंच.

त्यांनी खुर्ची टेबलामागून काढली आणि अनवाणीच घड्याळजींच्या समोर येऊन बसल्या.

"हे रक्त डोळ्यांना दिसत नाही, घड्याळजी. इतकं थोडं असतं. ते फक्त त्या नळीतून कळतं."

"माझ्याही डोळ्यांना नाही?"

तो विनोद नव्हता. केसाहून बारीक स्प्रिंग उघड्या डोळ्यांनी ओळखणारा माणूस विचारत होता.

"कुणाच्याच नाही."

घड्याळजींनी वही मिटली. मलपृष्ठावर अंगठा फिरवत राहिले, जणू तिथे धूळ होती.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "मी नीट सांगितलं नाही. आता सांगते. हे नवीन पाकीट. उद्या सकाळी करायचं, आणि दहाच्या आत माझ्या हातात आणून द्यायचं."

"एवढंच होय," ते उठत म्हणाले. "असं तेव्हा म्हणाला असतात तर तेव्हाच केलं असतं."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना पाकीट टेबलावर आलं. आठव्या दिवशी निकाल आला: रक्त आहे, पुढची तपासणी करावी. मग मोठ्या इस्पितळात दुर्बीण घालून पाहिलं, आणि एके दुपारी तिथल्या सर्जनचा बाईंना फोन आला. गाठ आहे. ऑपरेशन लागेल. कुठवर पोचली आहे ते उघडल्यावरच कळेल.

विचारून उपयोग नव्हता, तरी बाईंनी विचारलं. दोन वर्षांपूर्वी पाहिलं असतं तर?

पलीकडचाही आवाज दमलेला होता. तेव्हा कदाचित नुसता कोंब असता, तो म्हणाला, दुर्बिणीतूनच खुडला असता. कदाचित. आता कोण सांगणार.

फोन ठेवून बाईंनी ती यादी पुढे ओढली; उरलेले फोन आता त्या स्वतः करणार होत्या.

ऑपरेशनच्या आधी लागणारे कागद न्यायला घड्याळजी बायकोला घेऊन आले. ती बाईंवर चिडेल असं मावशींना वाटत होतं, म्हणून त्या उगाचच आत-बाहेर करत राहिल्या. पण ती नवऱ्यावरच करवादली. दोन वर्षं रोज सकाळी एवढा वेळ आत जाऊन बसायचे, मला वाटायचं पेपर वाचतात. म्हणाली, आणि पदराने डोळ्याचा कोपरा टिपून कागद पिशवीत घातले.

निघताना घड्याळजी दारात थांबले. या खेपेला मुठीवर त्यांचा हात होता.

"बाई, होईन ना मी बरा?"

शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आला होता. बघू. तोच, थोडा वाकवलेला. अशा वेळी दुसरं कुणी काय म्हणतं? त्यांनी तो गिळला, आणि गिळताना तो दिसला असावा, कारण घड्याळजी त्यांच्या गळ्याकडे बघत होते.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण गुरुवारी सकाळी मी तिथे येते. तुम्हाला ऑपरेशनला आत नेईपर्यंत थांबते."

"किती वाजता?"

"सातला."

घड्याळजींनी भिंतीकडे पाहिलं, मग मनगटाकडे.

"या घड्याळाने की माझ्या?"

"तुमच्या."

ते दोघं गेल्यावर टेबलावर वही राहिलेली दिसली. विसरली की ठेवली, कोण जाणे. बाईंनी पहिलं पान उघडलं. वर लिहिलं होतं: डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बघा. शेवटच्या भरलेल्या पानावर लिहिलं होतं: डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्या करा. केलं. त्यानंतर खुणा नव्हत्या. कोरी पानं बरीच उरली होती.

यादीत अजून बारा नावं बाकी होती. रोज दोन-तीनच व्हायची, कारण आता एकेका फोनला वेळ लागायचा. मी करते, तुम्ही घरी जा, पाय बघा कसे झालेत, मावशी म्हणाल्या. बाईंनी मान हलवली आणि फोन ओढला. पलीकडून पावाच्या भट्टीवर काम करणाऱ्या एका बाईचा आवाज आला. मागे पाव भाजायचे पत्रे आपटत होते. सगळं ऐकून घेऊन तिने विचारलं, पण करायलाच हवी का हो?

"हो," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी."

गोष्ट इथवरच आहे, कारण गुरुवार अजून उजाडायचा आहे. तेव्हा एक मागणं आहे, जड नाही. उद्या-परवा कधी देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाली की त्यांच्यामागे त्या माणसालाही उभं करा. खरं नाव लागत नाही. घड्याळजी म्हटलं तरी वर ओळख पटेल. आणि जमलं तर त्यांच्या शेजारी सुजलेल्या पायांनी सातच्या आधीच येऊन उभ्या राहणार असलेल्या त्या बाईलाही.