चार कासवांचा शेरा

पाच म्हणजे पाच. पाच कासवांनी गारठ्याचे दिवस तळ्याच्या चिखलात काढले आणि महिन्याच्या अंतराने होणाऱ्या दोन्ही मोजण्यांत ती दिसली, तर तळं 'महत्त्वाचा अधिवास' ठरतं आणि कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. चार दिसली तर तळं म्हणजे नुसता खड्डा. मग त्यात मुरूम टाका, वरून रस्ता काढा, कोणी विचारणार नाही. असला नियम ज्याच्या डोक्यातून निघाला, त्याने जन्मात गुडघाभर चिखलात पाय घातला नसणार.

तिने घातला होता. वनखात्याच्या ऑफिसात तिला सगळे कासवबाई म्हणायचे, अर्धं कौतुकाने आणि अर्धं खवचटपणे. पहिल्या मोजणीत तिला पाच सापडली. प्रत्येकाच्या पाठीच्या कडेला तिने कानशीने खाचा पाडल्या, पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा. त्या दिवशी तपासणी अधिकारी म्हणून साहेब सोबत होते. साहेब म्हणजे तिचे सख्खे मामा. नोकरीही त्यांनीच लावलेली.

महिन्याने दुसरी मोजणी झाली. तीन दिवस ती छातीभर पाण्यात उभी राहिली, गाळ चाळला, बोटं बधिर झाली. एक, दोन, तीन, चार. पाच खाचांचं काही केल्या सापडेना. मुदत संपली.

"चार तर चार," मामा म्हणाले होते. "नियम सगळ्यांना सारखा. फॉर्म भरून रविवारी घरी घेऊन ये, सही करतो."

रविवारी ती फॉर्म घेऊन गेली. शेऱ्याचा रकाना तिने कोराच ठेवला होता, हात धजत नव्हता. मामींनी दार उघडलं. "ये गं, किती वाळलीस. हे मागे परसात आहेत, नातीशी खेळतायत."

परसात कपडे भिजवायचा निळा टब होता. आत वीतभर पाणी, एक वीट आणि विटेवर कासव. नात त्याला काकडी भरवत होती. कासवबाईने वाकून पाठीची कड पाहिली. पाच खाचा.

"आजोबांनी आणलं," नात म्हणाली. "तळ्यावरून, माझ्यासाठी."

"कधी आणलंत, मामा?"

"अगं, त्या पहिल्या मोजणीच्या दिवशीच. तू पुढे गेलीस, हे काठावर बसलं होतं." मामा ओशाळं हसले. "पोरीने हट्ट धरला होता. एकच तर उचललं. एकाने काय होतंय, असं वाटलं बघ."

त्यांनी पैसे खाल्ले असते तर तिला निदान शिव्या देता आल्या असत्या. इथे तेही नव्हतं. तीस वर्षं ज्यांनी इतरांना आकडे शिकवले, त्यांना चार आणि पाचातला फरक नातीच्या हट्टापुढे आठवला नव्हता. आणि तीन दिवस ती पाण्यात कुडकुडत असताना मामा काठावर उभं राहून चहा पीत होते, तोंडातून अवाक्षर न काढता.

"तुम्हाला माहीत होतं मी काय शोधतेय."

"तोवर उशीर झाला होता. सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. निवृत्तीला आठ महिने राहिलेत." त्यांनी आवाज खाली आणला. "नेऊन सोड हवं तर. पण मोजणी बंद झाली. आता ते धरता येणार नाही, तूच नियम वाच."

तिने फॉर्म टबाच्या काठावर ठेवला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: तळ्यात चार. पाचवं पहिल्या मोजणीच्या दिवशी तपासणी अधिकाऱ्यांनी उचलून घरी नेलं, आज परसातल्या टबात जिवंत पाहिलं. खाली सही केली. पेन मामांपुढे धरलं.

"मी तुझा मामा आहे," ते म्हणाले.

"म्हणून घरी येऊन विचारतेय."

मामांनी हात मागे बांधले. तिने त्यांच्या सहीची जागा तशीच मोकळी ठेवून फॉर्म पिशवीत घातला. उद्या तो तसाच वरच्या ऑफिसात जाणार होता. मग टबापाशी उकिडवी बसून ती नातीला म्हणाली, "चल, याला घरी सोडून येऊ. वाट मला माहीत आहे."