लोणच्याला डावा हात

आवाज थोडा दबका येईल, सांभाळून घ्या. मी गंगाधररावांच्या डाव्या दंडातून बोलतोय आणि वर शर्टाची बाही आहे.

मी स्नायूचा एक तंतू. केसासारखा बारीक, बोटभर लांब. एवढा लांब असून मी एकच पेशी आहे, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. गंगाधरराव आईच्या पोटात होते तेव्हा पुष्कळ इवल्या पेशी एकमेकींना चिकटल्या, मधल्या भिंती पडल्या आणि मी झालो. म्हणून इतर पेशींना एक केंद्रक, तर मला शेकडो. एवढे कर्ते पुरुष एका घरात, पण आजवर वाटणीचा विषय निघालेला नाही.

गंगाधरराव त्रेसष्ट वर्षांचे. मीही जवळपास तेवढाच.

डाव्या हाताचा जन्म म्हणजे काय, ते उजव्यांना कळायचं नाही. गंगाधररावांनी कचेरीत पस्तीस वर्षं सह्या केल्या त्या उजव्या हातानं. प्रसाद घ्यायचा उजव्यानं, जेवायचं उजव्यानं, ओवाळणी टाकायची उजव्यानं. आम्हाला काय, तर स्कूटरचा क्लच, भाजीची पिशवी आणि मनगटावरचं घड्याळ. सकाळचं आणखी एक काम असतं. ते आम्ही जन्मभर निमूटपणे केलं आणि त्याबद्दल आमचं नाव मात्र कायमचं खराब झालं.

त्यातही मी राखीव. हलकी कामं माझे शेजारचे संथ तंतू करतात. फारच जड काही उचलायचं झालं तर मला बोलावणं येतं. आणि आलं की माझ्याकडे अर्धवट काम नाही. ओढायचं तर पुरतं, नाहीतर मुळीच नाही.

हे ओढणं कसं चालतं ते सांगतो, कारण पुढं त्याचं काम पडणार आहे. हुकूम मेंदूतून निघतो, पाठीच्या कण्यातून नसेत उतरतो आणि माझ्या दारात येतो. तो आला की माझ्या आतल्या कोठारांतून कॅल्शियम सुटतं. चुन्यात असतं तेच. गंगाधररावांनी तंबाखू सोडली त्याला वीस वर्षं झाली, पण आमच्याकडे चुन्याशिवाय अजून पान हलत नाही.

माझ्यात जाड आणि बारीक असे दोन तऱ्हेचे धागे आहेत. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालावीत तसे बसलेले. जाड धाग्यांना इवले इवले हात असतात आणि बारीक धाग्यांवर धरायच्या जागा. एरवी त्या जागांवर पांघरूण असतं. सोलापुरात राहून चादर नसेल असं कसं होईल? चुना आला की चादर सरकते. मग ते हात जागा धरतात, ओढतात, सोडतात, पुढची धरतात. आडातून पोहरा शेंदावा तसे.

गंमत म्हणजे यात एकही धागा आखूड होत नाही. मैंदर्गीच्या एसटीत कुणी ‘सरका की जरा’ म्हटलं म्हणून बाकावरचं माणूस बारीक होत नाही. सगळे एकमेकांत सरकतात आणि जागा होते. आमचंही तेवढंच.

आता एक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. धरलेला हात सुटायला एटीपी नावाचा कण लागतो. तो मिळाला नाही तर धरलेलं धरलेलंच राहतं. माणूस गेल्यावर अंग ताठ होतं ते त्यामुळे.

मी शेवटचा पुरता चाललो तो गेल्या वर्षी. गंगाधररावांच्या पत्नी अनसूयाबाई आजारी होत्या. त्यांना पलंगावरून उचलून गॅलरीतल्या खुर्चीत बसवायचं असे. ‘अहो, पडेन मी,’ म्हणायच्या. ‘पाडीन की काय,’ गंगाधरराव म्हणायचे. तीन आठवडे हे चाललं. मग एका सकाळी आमचा पंजा त्यांच्या पंजात होता आणि त्यांची बोटं सुटत नव्हती. त्यांच्याकडे सोडायला लागतं ते संपलं होतं. आमच्याकडे भरपूर होतं, तरी आम्हीही बराच वेळ सोडलं नाही.

त्यानंतर मला बोलावणं नाही. काम नसलं की आम्ही बारीक होत जातो. मीही होत होतो.

अशात श्रावणी आली. गंगाधररावांची एकुलती एक मुलगी, सातवा महिना सरत आलेला, बाळंतपणाला सोलापुरात माहेरी आलेली. पहिल्याच दिवशी पानावर बसून म्हणाली, “बाबा, तोंडाला चव नाही. आईचं लिंबाचं लोणचं काढा ना.”

फडताळात एक बरणी होती. जाड काचेची, पत्र्याच्या फिरकीच्या झाकणाची. अनसूयाबाईंनी घातलेलं गुळाचं लोणचं. शेवटचं. त्याचा पाक झाकणाच्या आट्यांत जाऊन वाळलेला.

गंगाधररावांनी उजवा हात झाकणावर ठेवला, डाव्यात बरणी धरली आणि जोर केला. तोंड लाल झालं. मान फुगली. झाकण हललं नाही.

“घट्ट बसलंय गं. उद्या बघू.”

उद्या झालं, परवा झालं. समोरच्या फ्लॅटमधल्या कमलम्मा येऊन बघून गेल्या. “काका, गरम पाण्यात उलटी धरा.”

“काच तडकेल.”

“मग लाटण्यानं ठोका.”

“टवका उडेल.”

“मग नुसती बघत बसा,” म्हणाल्या आणि गेल्या.

इथं मला घरातली एक गोष्ट फोडायची आहे. कण्यातून आमच्याकडे उजव्या हाताच्या बातम्या येतात. एक स्नायू मनगट एका बाजूला वळवतो, त्याचा जोडीदार उलट बाजूला. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल पडायचं, असा रिवाज आहे. पण या बरणीपाशी उजवीकडे दोघांनाही हुकूम येत होता. ओढा. दोघंही ओढत होते, घाम गाळत होते आणि झाकण जिथल्या तिथं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, केवढे प्रयत्न करतोय हा माणूस! नाटक होतं सगळं. मनाशीसुद्धा कबूल न केलेलं.

रविवारी दुपारी मैंदर्गीहून महिपती आले. अनसूयाबाईंचे धाकटे भाऊ. शेतकरी माणूस, एकेक दंड आमच्या चार दंडांएवढा. आल्या आल्या भाचीनं तक्रार केली.

“व्हय दाजी? एक बरनी उघडंना तुमास्नी?” महिपती हसत सुटले. “हाफिसात कागद उचलून उचलून दंडाचं पानी केलं की ओ तुमी! आना हिकडं.”

गंगाधररावांनी बरणी पाठीमागं धरली. “तुम्ही फोडाल.”

“न्हाय फुटत. आन् फुटली तर फुटली. लोनचं तर मिळंल पोरीला.”

“काचेसकट?”

“धुऊन घिऊ की!”

“लोणचं धुवून?” श्रावणीला हसू आवरेना. मग ती गंभीर झाली. “बाबा, माझ्यासमोर उघडा. एकदाच.”

गंगाधररावांनी पुन्हा उजवा हात लावला. पुन्हा तोंड लाल. श्रावणीनं सहज त्यांचा हात मनगटाच्या वर धरला. मग वरच्या बाजूनं चाचपला, खालच्या बाजूनं चाचपला. दोन्हीकडे दगड.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही ब्रेक दाबून गाडी चालवताय.”

उजवीकडचे दोघंही त्या क्षणी सैल पडले. चोरी पकडल्यावर पडतात तसे.

महिपतींचं हसणं थांबलं. “अक्काच्या हातचं शेवटचं हाय म्हून व्हय?”

गंगाधरराव खुर्चीत बसले. बरणी मांडीवर. मग म्हणाले, “उघडलं की संपणार.”

“न्हाय उघडलं तर?” महिपती म्हणाले. “ऱ्हाईल. पन मग अक्कानं ते घातलं कशाला? बगाया?”

श्रावणी नुसती पोटावर हात ठेवून उभी राहिली.

गंगाधररावांनी बरणी उजव्या हातात घेतली आणि आम्हाला, म्हणजे डाव्या हाताला, झाकणावर ठेवलं.

“दाजी!” महिपती ओरडलेच. “लोनच्याला डावा हात? अक्कानं बगितलं असतं तर बोटं मोडली असती.”

“माझ्या पाठीत धपाटे आहेत त्याचे,” श्रावणी म्हणाली. “लोणच्याला डावा हात लावायचा नाही, लोणचं नासतं.”

“ते तुम्हाला,” गंगाधरराव म्हणाले. “झाकण अडलं की ती स्वतः ओट्याकडे तोंड करून, डाव्या हातानंच उघडायची. एकदा मी बघितलं. म्हणाली, कुणाला सांगाल तर याद राखा. सव्वीस वर्षं सांगितलं नव्हतं.”

त्यात जादू काही नव्हती. दंडाचा पुढचा स्नायू, म्हणजे माझं घर, कोपर वाकवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. तळवा आभाळाकडे वळवण्याचा मोठा जोरही त्याचाच. उजव्यानं तो जोर लावला की झाकण घट्ट होतं आणि डाव्यानं लावला की सैल. त्रेसष्ट वर्षं मी हे सांगायला टपून बसलो होतो, पण आम्हाला विचारतो कोण? अनसूयाबाईंना कुणी न सांगता कळलं होतं.

आणि हुकूम आला. एकाच बाजूला, स्वच्छ. संथ शेजारी आधी निघाले, त्यांना झेपेना, आणि मग माझं नाव पुकारलं गेलं. चुना सुटला, चादर सरकली, माझे सगळे हात धावले. धरलं, ओढलं, सोडलं, धरलं.

कर्रर्र झालं आणि झाकण फिरलं.

वास दंडापर्यंत येत नाही, पण गंगाधररावांनी खोल श्वास ओढलेला मला कळला. महिपतींनी धोतराच्या सोग्यानं नाक पुसलं आणि सर्दीला शिवी दिली. श्रावणीनं एक फोड तोंडात घातली, डोळे मिटले आणि म्हणाली, “मीठ थोडं जास्त आहे.”

“नेहमी असायचं,” गंगाधरराव म्हणाले.

झाकण अजून आमच्याच बोटांत होतं. थोडा वेळ राहिलं. मग एकेक करून आम्ही सोडलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी बरणी लावली. उजव्या हातानं, पण अगदी अलगद. आता श्रावणी ती दोन बोटांनी उघडते. म्हणजे माझी गरज एका दिवसात संपली. सत्कार नाही, काही नाही. उलट तीन दिवस मी ठणकत होतो आणि गंगाधरराव दंडाला तेल चोळत म्हणत होते, “हा डावा काही कामाचा राहिला नाही.”

बोला आता!

तरी मी रागावलेलो नाही. बाळ यायला दोन महिने आहेत. आणि माणसं बाळाला डाव्या हातावर घेतात, उजवा दुपट्यासाठी मोकळा ठेवतात, हे मी श्रावणीच्या वेळी पाहिलेलं आहे. पहिले काही महिने ते काम संथ शेजारीच करतील. पण बाळ वजनानं वाढतं. आजोबा तेवढे रोज थोडं थोडं उचलत राहोत, म्हणजे मी आणखी बारीक व्हायचो नाही.

कधीतरी ते रडत उभं राहील, हात वर करील. मला बोलावणं येईल. चुना तयार आहे.