पहिला घोट बैलाचा

मी बोलतोय. हा इथे, गाळ्यांच्या कडेला, गटारीला टेकून पडलेला काळा दगड. तुम्ही मला पाहिलं असेल. कुणी माझ्या कडेला घासून चपलेचा चिखल काढतं, कुणी जाता जाता पानाची पिचकारी टाकतं. टाका. फुटक्याला कोण विचारतं!

पण मी आधी असा नव्हतो. मी ह्या बाजारपेठेतला बैलांचा हौद होतो. शिकलेला नाही मी. पाणी धरून ठेवायचं, एवढंच मला येतं. म्हणून सावकाश सांगतो. घाई असेल त्यानं पुढे जावं.

माझा जन्म गावाबाहेरच्या खाणीतला. लोटन पाथरवटानं मला एकाच दगडातून कोरलं. उन्हाळाभर तो माझ्या पोटात बसून छिन्नी चालवायचा आणि स्वतःशीच बोलायचा. माझी कड त्यानं मुद्दाम बुटकी ठेवली, वासराचंही तोंड पोचावं म्हणून. मग ती घासून गोल केली. बायकोला म्हणाला, "जनावर मान टाकून पितं. गळ्याला टोचायला नको."

मला करवून घेतलं ते सायरबाईंनी. त्यांचे यजमान लखीचंदशेठ कापसाचे व्यापारी. ते तरुणपणीच गेले. पदरात एक मुलगा, अभयकुमार. नवऱ्याच्या नावानं देऊळ बांधा, धर्मशाळा बांधा, असं सगळे सांगत होते. बाई म्हणाल्या, "ज्यांनी त्यांचा कापूस ओढला, त्यांना पाणी पाजते."

मला पेठेत बसवलं त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर नियम घेतला. रोज ह्या हौदावर पहिलं जनावर पाणी पिईल, तेव्हाच त्या स्वतः पाण्याचा घोट घेणार. आणि जैनाघरची बाई, म्हणजे सूर्य बुडाल्यावर पाणी नाहीच.

तेव्हापासून पहाटे त्या पितळी घागर घेऊन यायच्या. दुहेरी फडक्यातून गाळून पाणी माझ्यात ओतायच्या आणि बाजूला उभ्या राहायच्या. धरणगावच्या वाटेवरच्या खेड्यातला हिलाल बहुतेक पहिला असायचा. पुढे पुढे त्याच्याकडे आलेला चांद्या नावाचा बैल, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, सुटला की सरळ माझ्याकडे यायचा. तो प्यायला की हिलाल हसून म्हणायचा, "अक्का, पी ल्या आते. चांद्यानी सुटी दिन्ही तुम्हले."

"तुझ्यापेक्षा तो शहाणा आहे," म्हणत बाई लोट्यातलं पाणी प्यायच्या.

अशी वर्षं गेली. बाईंचे केस पांढरे झाले. अभयकुमार मोठा झाला, पेढीवर बसू लागला, निवडणुकीला उभा राहून नगरपालिकेत गेला. मारवाड्यांच्या घरात आईलाच बाई म्हणायची रीत. तोही तसंच म्हणायचा. सभेला जाताना माझ्यापाशी थांबून, जणू आई इथेच उभी आहे असं, "बाई, येतो," म्हणायचा. मला बरं वाटायचं.

नगरपालिकेची कचेरी माझ्यासमोरच, रस्त्यापलीकडे. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या, त्यामुळे सभेतलं भांडण मला बसल्या जागी ऐकू यायचं. गावात भांडायला एक हक्काची जागा लागते, ती तेवढी पक्की बांधलेली होती. रस्ता आधी कुणाच्या आळीत, नळ आधी कुणाच्या दारात, दिव्याचा खांब कुणाच्या भिंतीला, यावरून एकमेकांचे बाप काढायचे. खांब कुठेच रोवला जायचा नाही.

एका गोष्टीवर मात्र त्यांचं पटकन जुळलं. ती गोष्ट म्हणजे मी.

अध्यक्ष होते अभिमनआबा. त्यांना गावाचं जळगाव करायचं होतं. त्या दिवशी टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "धुळ्याला जाऊन बघा, काय बाजार आहे! आणि आपण? शेण तुडवत कचेरीत यायचं! हौद काढा. तिथं गाळे बांधू. पहिला गाळा अभयकुमारशेठला. जागा त्यांच्या वडलांच्या नावाची आहे, त्यांचा मान."

मंजुळाबाई म्हणून एक सभासद होत्या. त्या एकट्याच उठल्या. "आबा, बैलांनी कुठं प्यायचं?"

"एस.टी. स्टँडामागं सिमेंटची टाकी बांधण्यात येईल."

"कधी?"

"बांधण्यात येईल असं लिहिलंय ना ठरावात!"

"मग आधी टाकी बांधा, नंतर हौद काढा."

"बाई, तुम्हाला सभासद म्हणून घेतलंय, गाडीवान म्हणून नाही."

सगळे हसले. ती टाकी, सांगून ठेवतो, अजून बांधण्यात येतेच आहे.

मग हात वर करायला सांगितलं. मंजुळाबाईंचं बोलणं काहींना लागलं असावं, कारण हात निम्मेच वर गेले. आता सगळे अभयकुमारकडे बघू लागले. तो खाली मान घालून बसला होता.

आबा गोड आवाजात म्हणाले, "का शेठ? घरी जाऊन बाईंना विचारून येता का? आम्ही थांबतो."

मागून कुणीतरी बोललं, "पदराखालून हात निघंना त्यांचा!"

खिडक्यांमधून हसणं रस्त्यावर आलं. आणि त्या हसण्यातच अभयकुमारचा हात वर गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सायरबाई घागर घेऊन आल्या, तेव्हा तोताराम मुकादम माणसं घेऊन माझ्याभोवती उभा होता. माणसांच्या हातात घण. अभयकुमारही होता, छत्री टेकवून.

"अभय, हे काय?"

"ठराव झालाय, बाई."

"कुणाचा?"

"पालिकेचा. बहुमतानं."

"त्या बहुमतात तू होतास?"

त्यानं छत्रीचं टोक मातीत रुतवलं. मग म्हणाला, "दुनिया बदलली, बाई. ट्रक आले. बैलांसाठी पेठ अडवून ठेवायची का?"

"आणि माझा नियम?"

"नियम सोडता येतो. साधुमहाराजांना विचारू. काहीतरी प्रायश्चित्त असेल."

"म्हणजे माझा नियम मी सोडायचा. तुझा ठराव तू नाही सोडायचा."

"तमाशा करू नको! लोक बघतायत."

बाईंनी भरलेली घागर उचलली आणि तशीच परत नेली. त्या वळेपर्यंत तोताराम थांबला. मग माझ्याकडे पाठ करून त्यानं हात हलवला.

घण पडला. दगडाला दुखत नाही असं तुम्ही म्हणता. म्हणा. मी दोन तुकडे झालो. मोठा तुकडा फोडून गाळ्यांच्या पायात भरला. हा दुसरा, थोडी खोलगी उरलेला, कुणाला हलेना. ढकलत ढकलत गटारीपाशी आणला आणि सोडून दिला. पोटातलं पाणी वाहून गेलं. मला कोरडेपणा माहीत नव्हता, तो त्या दिवशी कळला.

वैशाख होता. आमच्याकडचा वैशाख तुम्हाला ठाऊक आहे, दुपारी कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसतो. त्या दिवशी सायरबाई पाणी प्याल्या नाहीत. संध्याकाळी तोताराम माझ्या तुकड्यावर बसून बिडी ओढत कुणाला तरी सांगत होता, "शेठनं तांब्या तोंडाशी नेला. म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं. सूर्य बुडाला, झालं. आता उद्यापर्यंत काही नाही." मग थुंकून म्हणाला, "आपण हुकमाचे ताबेदार."

दुसऱ्या दिवशी आठवडे बाजार. गाड्या आल्या. आणि बैल, दर बाजाराला थांबायचे तिथेच थांबले.

तिथे आता पायाचे चर होते, वाळू होती, विटा होत्या. हौद नव्हता. पण जनावराला कोण सांगणार? एक थांबला, त्यामागे दुसरा थांबला, माना खाली घालून माती हुंगायला लागले. मागच्या गाड्या अडल्या. गाडीवान ओरडू लागले, बाया पाट्या घेऊन अडकल्या, पार मारुतीच्या पारापर्यंत रांग लागली. कचेरीच्या खिडकीतून अभिमनआबा ओरडले, "हाका ती जनावरं! शेठ, बघता काय?"

अभयकुमार धावला. सगळ्यांत पुढे चांद्या होता, वाळूत नाक खुपसून उभा. अभयकुमार ओरडला, "हट! हट!" चांद्या हलला नाही. तेव्हा त्यानं छत्री उचलली आणि दांड्यानं त्याच्या नाकाडावर मारलं. एकदा. मग पुन्हा. मुंगीला वाट देणाऱ्या घरातला मुलगा!

चांद्यानं डोकं झटकलं. रक्ताचे थेंब माझ्यावर पडले.

हिलालनं गाडीवरून उडी मारून छत्री धरली. "हात कसा लावा मना बैलले? जलमभर आठेच पानी पिना तो! त्याले तुमना ठराव काय समजस?"

"सोड छत्री! नगरपालिकेची जागा आहे ही!"

"तुना बापना नावना हौद व्हता हाऊ! तूच फोडा!"

बाजार गोळा झाला. कुणी म्हणे शेठला चोपा, कुणी म्हणे बैल पोलिसात द्या. दोघं छत्री ओढत होते, आणि तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सायरबाई आल्या होत्या. ओठ फाटलेले, कमरेवर घागर. त्यांनी चांद्याचं नाक पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं.

"काल-परवा हा हात वर केलास," त्या म्हणाल्या, "आज उगारलास."

एवढंच. त्या वाकल्या, फडकं धरलं, आणि माझ्या ह्या फुटक्या खोलगीत पाणी ओतलं. जेमतेम राहिलं. चांद्यानं नाक बुडवलं, पाणी लाल झालं, तरी तो प्याला. बाई त्याचं पिणं होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग उरलेल्या घागरीतून स्वतः घोट घेतला.

"चल घरी, बाई," अभयकुमार म्हणाला.

"तुझ्या घरचं पाणी आता मला नको."

त्या गेल्याच नाहीत. जैनांच्या स्थानकाजवळ, साध्वी उतरतात तिथे, एक खोली होती, तिथे राहिल्या. अभयकुमार धान्य पाठवायचा, ते परत यायचं. दिवाळीला पाया पडायला जायचा, त्या सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसायच्या आणि उठायच्याच नाहीत. पहाटे घागर मात्र चुकली नाही. खोलगीत पाणी पडायचं, हिलालची गाडी थांबायची. "अक्का, पी ल्या आते," तो म्हणायचा. पण हसायचा नाही.

गाळे झाले. फीत कापली. पहिल्या गाळ्यात अभयकुमारनं कापडाचं दुकान मांडलं. तो उंबऱ्यावर, मी गटारीला. रोज समोरासमोर.

चार-पाच वर्षांनी सायरबाई आजारी पडल्या. ते मी पाहिलं नाही, दुकानाच्या पायरीवर बसलेल्या बायकांकडून ऐकलं. शेवटच्या दिवशी अभयकुमार उशाशी होता. त्यानं चमच्यानं पाणी ओठाशी नेलं. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कुणी प्यालं का?"

त्या दिवशी घागर आलीच नव्हती. तो अनवाणी धावत पेठेत आला, हे मात्र मी पाहिलं. हातात लोटा. ओतला माझ्यात. रस्त्यावर दुपारचं एक जनावर नव्हतं. इकडे धावला, तिकडे धावला, एका गाडीवानाला हात जोडले. तो म्हणाला, "माझे बैल पिऊन आलेत, शेठ." अभयकुमार परत गेला तेव्हा उशीर झाला होता.

मी हळहळलो नाही. खरं सांगतो. मला घण आठवत होता.

दहावा-बारावा झाल्यावर एका पहाटे तो आला. पितळी घागर, दुहेरी फडकं. पाणी ओतलं आणि बाजूला उभा राहिला. दुकान उघडलं नाही. मला वाटलं, लोकांना दाखवायला. पण लोक नव्हते. ऊन चढलं, तेव्हा कुठे एक गाय आली. ती प्याली, मग तो प्याला, आणि दुकानाचं कुलूप काढलं. तेव्हापासून हे चालू आहे.

आता बैल कमी झाले. ट्रॅक्टर आले, ट्रक तर होतेच. कधी दुपार होते, त्याचे ओठ पांढरे पडतात. गिऱ्हाईक ताटकळून दुसऱ्या दुकानात जातं. हिलालची गाडी बाजाराला यायची, पण सायरबाई गेल्यापासून हिलाल थांबायचा नाही. चांद्या माझ्याकडे वळायचा, तो कासरा ओढून धरायचा आणि पुढे काढायचा. एकदा अभयकुमार म्हणाला, "हिलालभाऊ..." हिलालनं चांद्याच्या नाकावरच्या जुन्या वळाकडे बोट केलं आणि गाडी हाकली.

गेल्या बाजाराला असंच झालं. सकाळपासून एक जनावर फिरकलं नव्हतं. सूर्य खाली चालला होता. अभयकुमार उभ्याचा बसला, माझ्या कडेला पाठ टेकून. केस पिकले की त्याचेही. परतीच्या गाड्या निघाल्या, त्यात हिलालची. चांद्या आता हाडांचा सापळा, तरी माझ्यापाशी आला आणि थांबला. हिलालनं कासरा ओढला. चांद्या थांबलेलाच. पुन्हा ओढला.

मग हिलालनं अभयकुमारच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गाडीवरून उतरला नाही. पण कासरा सैल सोडला.

चांद्या प्याला. सगळं प्याला, तळ चाटला. अभयकुमारनं सूर्याकडे पाहिलं, घाईनं लोटा तोंडाला लावला. हिलालनं मान फिरवली आणि गाडी हाकली. रामराम नाही, काही नाही.

मीही अजून त्या माणसाशी भांडणातच आहे. पण कचेरीत पुन्हा एक ठराव आलाय, गटार पक्की करायची, वाटेत आडवे आलेले दगड उचलायचे. तोवर मी इथेच आहे. तुमच्याकडे बैल असेल, गाय असेल, नाहीतर शेरडू तरी, तर इकडून न्या. आणि जरा लवकर न्या. तो सकाळपासून थांबलाय.