पाठीवर लिहिलेलं घर

कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनशेजारी तीस वर्षं उभं राहून फिटरचे कान गेले, तेव्हा त्याच्या बायकोने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. बिल्डिंगमध्ये तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. “मी दोघांपुरतं बोलते, तुम्ही नुसती मान हलवा,” ती म्हणायची.

लेकीने मग फोन आणून दिला. समोरचा बोलेल ते त्याच्या पडद्यावर अक्षरांत उमटायचं. पहिल्याच दिवशी रेडिओ शेजारणीशी बोलत असताना तो ओट्यावर चालूच राहिला होता. फिटरने उचलून वाचला आणि ओरडून विचारलं, “माझ्या आईला काय म्हणालीस?” दोघं हसून हसून बेजार झाली.

मग रक्तातल्या साखरेने डोळे धरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे तेवढं टिकवू. तेही टिकलं नाही. लेक आली की फोनची अक्षरं मोठी करून जायची. पडद्यावर आधी चार ओळी मावत, मग एक, मग जेमतेम दोन शब्द. रेडिओ तसतशी तोकडं बोलायला शिकली. पूर्वी दूध का नासलं हे सांगायला तिला अर्धा तास लागायचा. आता ‘दूध नासलं’ एवढ्यावर भागायचं. एका सकाळी पडदाभर एकच अक्षर होतं. फिटरने फोन नाकाला लावून पाहिला आणि म्हणाला, “बंद पडला वाटतं. चार्जिंगला लाव.”

फोन चालू होता.

एका संस्थेतून शिकवणाऱ्या बाई येऊ लागल्या. त्या स्वतः जन्मापासून आंधळ्या. काठी टेकत तीन जिने चढून यायच्या. त्यांनी फोनला एक पट्टी जोडली. बोललेलं त्या पट्टीवर बारीक टिंबं होऊन वर यायचं, आणि ती टिंबं बोटाने वाचायची. बाई फिटरचं बोट धरून टिंबांवर ठेवायच्या. त्याने मोजून सांगायचं.

“गुळगुळीत आहे,” फिटर म्हणायचा.

तीन महिने तो रोज सकाळी पट्टी मांडीवर घेऊन बसला. बोट इतकं दाबायचा की नखाखाली पांढरं व्हायचं. “याच बोटांनी मी केसाएवढी फट सांगायचो,” तो भिंतीकडे तोंड करून म्हणायचा. कोण कुठे बसलंय हे त्याला कळत नसे.

एक दिवस बाईंनी विचारलं, “वहिनी, गरम भांडं उचलताना त्यांना चटका कळतो का हो?”

रेडिओने त्याचे हात उलटे करून पाहिले. दोन बोटांवर फोड होते. तो काही बोलला नव्हता.

“नाही कळत.”

“मग बोटंही साखरेने नेली. मी आणखी सहा महिने येईन, पण ती तुमची फसवणूक होईल.”

“दुसरं एखादं मशीन असेल ना?”

“आंधळ्याशी फोन बोलतो. बहिऱ्यासाठी लिहितो. दोन्ही गेलं तर ही पट्टी. त्यापुढचं मला ठाऊक नाही.” बाईंनी पट्टी पिशवीत घातली. “पाठीवर बोटाने मोठं अक्षर काढून बघा. हो असेल तर खांद्यावर एक थाप, नाही असेल तर दोन.”

जाताना त्यांनी फिटरच्या खांद्यावर हात ठेवला. “कोण?” तो म्हणाला.

पाठीवरचं रडतखडत चाललं. ‘भात’चा ‘मात’ व्हायचा, पण जेवण व्हायचं. बाकी बोलणं रेडिओने सोडूनच दिलं. शेजारणी म्हणत, हिला दृष्ट लागली.

एका दुपारी फिटरच्या खिशात फोन थरथरला. त्याने तो पुढे धरला. लेक होती.

“आई, मी नवऱ्याचं घर सोडलं. परत जाणार नाही. बाबांना सांग, मला त्यांच्यापासून लपवायचं नाहीये.”

“लेकीचा ना? काय म्हणते?” फिटर विचारत होता.

रेडिओने फोन ठेवून त्याला वळवून बसवलं आणि पाठीवर काढलं, घ. मग र.

“घर,” तो म्हणाला.

तिने पुढचं अक्षर काढलं. ‘सोडलं’चा सो.

“घे? घेतलं? घर घेतलं!” फिटर हसला. वर्षभरात पहिल्यांदा. “सांगत होतो ना, जावई हिमतीचा आहे! घेतलं ना?”

दोन थापा मारायच्या, एवढंच काम होतं. ती एकच मारून बसली.

मग त्याला थांबवणार कोण? “दोन खोल्या?” एक थाप. “वरच्या मजल्यावर?” दोन. “उजेड येतो का गं?” रेडिओ तोंडात पदर कोंबून रडली आणि एक थाप दिली.

दुसऱ्या दिवशी मन घट्ट करून तिने त्याच्या पाठीवर लिहिलं, खोटं.

“छोटं?” तो म्हणाला. “छोटं तर छोटं. सुरुवात छोटीच असते.”

आठवड्याने लेक दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली. फिटरने तिच्या केसांवरून हात फिरवून तिला ओळखलं. “आलीस! नवं घर एकटं टाकून?”

लेकीने आईकडे पाहिलं. “तू सांगितलं नाहीस?”

“लिहिलं गं. दोनदा लिहिलं.”

लेक बॅगा तशाच ठेवून बापाच्या मागे बसली आणि स्वतः लिहायला लागली. एकेक अक्षर, मोठं, सावकाश. चुकलं की पाठ तळव्याने पुसायची, जशी पाटी. तो अंदाज करत राहिला, तिला हवं ते सोडून सगळं. अर्धा तास गेला.

“पोरी, पाठ दुखायला लागली,” शेवटी तो म्हणाला. “उरलेलं उद्या. घर चांगलंय ना, तेवढं फक्त सांग.”

रेडिओ ओट्याकडे तोंड करून उभी होती. मागे एक थाप ऐकू आली. दुसरीची तिने वाट पाहिली. ती आली नाही.