परत येण्याचं कारण

“व्हिसाचे कागद काढायला लागा,” एवढंच राम कॅनडाहून फोनवर म्हणाला होता. दोघांचे की एकाचे, हे त्यानं सांगितलं नाही आणि कानिफनाथ गाड्यांना ते विचारावंसं वाटलं नाही. सुनेचं, अश्विनीचं, पहिलं बाळंतपण. म्हणजे आजी जाणार. आणि आजी जाणार म्हणजे आजोबा जाणारच, त्यांच्याशिवाय ती जाईलच कशी? त्याच संध्याकाळी त्यांनी दुकानातून प्लॅस्टिकच्या दोन फायली आणल्या. निळीवर स्वतःचं नाव टाकलं, हिरवीवर बायकोचं, विजयमालाबाईंचं.

कागद हा त्यांचा प्रांत. राहुरीच्या एका शाळेत त्यांनी कारकून म्हणून उभी हयात घालवली होती. तिथे सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. निम्म्या तालुक्याच्या पोरांचे दाखले त्यांच्या हाताखालून गेलेले. एखादा बाप जन्मतारखेसाठी गयावया करायला लागला की भाऊसाहेब चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, “कागद बोलतो, मी नाही.” निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बाजारपेठेत कुणी ‘भाऊसाहेब’ अशी हाक मारली की मान आपोआप ताठ व्हायची. ताठ होण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, हेही खरंच.

मग गावभर बोभाटा झाला. चहाच्या टपरीवर, दाढी करताना, बँकेच्या रांगेत, भाऊसाहेब आपणहून विषय काढायचे. तिकडे म्हणे नळातलं पाणीसुद्धा गोठतं. शिंप्याकडे त्यांनी लोकरी कोट टाकला, आत जाड अस्तर लावून. राहुरीच्या उन्हात तो अंगात घालून बघताना घामाच्या धारा लागल्या, तरी आरशासमोरून हलायला तयार नव्हते. शेजारच्या आसारामला तर त्यांनी ‘तिकडून काय आणू’ असंही विचारून टाकलं. तो बिचारा म्हणाला, “सुखरूप या म्हंजे झालं.”

विजयमालाबाई यावर काही बोलत नसत. तशा त्या कशावरच फार बोलत नसत. लग्न होऊन आल्यापासून त्या घर सोडून रात्रभर कुठे राहिल्याचं कुणाला आठवत नाही. गल्लीतल्या बायका काशीला निघाल्या तेव्हा यांनीही पिशवी भरली होती. भाऊसाहेब दारात उभे राहून म्हणाले, “जा की. पण घर कोण बघणार? माझ्या भाकरीचं काय?” पिशवी परत रिकामी झाली. कर्जतला धाकट्या बहिणीच्या लेकीचं लग्न होतं, तर हळदीला जाऊन दिवस मावळायच्या आत एसटीनं माघारी. तेव्हाही तेच वाक्य. त्यात रागावणं नव्हतं, हात उगारणं नव्हतं. भाऊसाहेब तसले नव्हतेच, आणि याचाही त्यांना अभिमान होता. फक्त एक वाक्य, आणि बाई घरात.

व्हिसाचं काम फैयाजकडे होतं. फैयाज रामच्या वर्गातला. पेठेत त्याचं लहानसं ऑफिस होतं. उमराहला जाणारे, परदेशी शिकायला जाणारी पोरं, सगळ्यांची कागदपत्रं तोच करायचा. पहिल्या दिवशी त्यानं हिरवी फाईल उघडली, निळी बाजूला ठेवली. “शेताचा सातबारा लागेल, काका.”

“आहे की. माझ्या नावावर आहे.”

“तोच. काकूंच्या फायलीत टाका.”

भाऊसाहेबांनी निळ्या फायलीतून सातबारा काढून हिरवीत घातला. पुढच्या खेपेला घरपट्टीची पावती गेली. मग पेन्शनचे कागद गेले. ते म्हणाले, “अरे, माझ्यासाठी झेरॉक्स मारून ठेवू का?” फैयाज कॉम्प्युटरमधून मान न काढता म्हणाला, “असू द्या, काका. त्याची काही गरज नाही.” त्यानंतर त्यानं भाऊसाहेबांच्या अँजिओप्लास्टीची दवाखान्याची फाईल मागितली. हे विम्यासाठी असणार, असं भाऊसाहेबांनी स्वतःच ठरवून टाकलं. निळ्या फायलीत आता त्यांचा पासपोर्ट आणि दोन फोटो एवढंच उरलं होतं. दुसऱ्याच्या कागदातली खोट बसल्या जागी ओळखणाऱ्या माणसाला आपली फाईल रिकामी होताना दिसत होती, आणि तरी कळत नव्हतं. कळून घ्यायचं नसलं की असंच होतं.

शेवटच्या खेपेला विजयमालाबाईही सोबत होत्या. फैयाज म्हणाला, “आता फक्त एक पत्र राहिलं. तुमचं.”

“कसलं?”

“तुमची तब्येत बरी नसते, घरात दुसरं कुणी नाही, सगळं काकूच बघतात, म्हणून त्या मुदतीत परत येतील. असं लिहून सही करा. इंग्रजी मी करून घेतो.”

“बरं. आणि माझ्या अर्जाला काय जोडायचं?”

फैयाजनं माऊसवरचा हात उचलला आणि काकूंकडे पाहिलं. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“रामनं तुम्हाला सांगितलं नाही?” तो हळू आवाजात म्हणाला. “अर्ज काकूंचा एकटीचा आहे, काका. परत कशावरून येणार, हे दाखवावं लागतं. तुम्ही इथे मागे आहात, म्हणून त्या येणार. म्हणून तर तुमचे सगळे कागद त्यांच्या फायलीत घेतले.”

ऑफिसात आणखी दोघेजण बसले होते. भाऊसाहेबांनी निळी फाईल काखेत मारली आणि “उद्या देतो लिहून,” म्हणत ते बाहेर पडले. मागोमाग हिरवी फाईल घेऊन बाई. शिंप्याच्या दुकानावरून जाताना त्यांनी मान वर केली नाही. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही जास्त राग येत होता, पण तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं.

घरी आल्यावर ते खुर्चीत बसले. विजयमालाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

“तुला ठाऊक हुतं?”

“व्हय.”

“कवापासनं?”

“पहिल्यापासनं.”

“आन तरी मला कोट शिवू दिलास?”

“तुमी मला इचारून शिवला का?”

भाऊसाहेबांनी तांब्या बाजूला सारला. “पोटचा पोरगा, आन बापालाच नको म्हनतो. एवढं शिकवलं त्येचं हे फळ.”

“त्याला नका बोलू,” बाई म्हणाल्या. “त्यो दोगांचं बगू म्हनत हुता. मीच न्हाई म्हनले.”

भाऊसाहेब त्यांच्याकडे बघतच राहिले. या बाईला ‘नाही’ म्हणता येतं, हे त्यांना आज कळत होतं.

“का?”

“तिकडं बी मी तुमचंच करीत बसले आस्ते. तुमचा चहा, तुमच्या गोळ्या, तुमचं पानी तापवायचं. मग पोरीचं कवा करायचं?”

“मग मला तसं सांगायचं हुतंस.”

“सांगितलं आस्तं तर मला जाऊ दिलं आस्तं?”

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. बाईंच्या आवाजात राग नव्हता, भांडण नव्हतं. भाजी निवडताना बोलावं तशा त्या बोलल्या आणि आत निघून गेल्या. भाऊसाहेबांना वाटलं, ही भांडली असती तर बरं झालं असतं.

पत्र दिलं नाही तर फाईल जाणार नाही, हे त्यांच्या लक्षात होतं. एवढी सत्ता अजून हातात होती. तोंडात ते जुनं वाक्यही तयार होतं: घर कोण बघणार, माझ्या भाकरीचं काय? आयुष्यभर याच वाक्यानं बाई थांबली. आणि आता फैयाजला नेमकं हेच लिहून हवं होतं, बाईला जाता यावं म्हणून. आज ते बोलून ती थांबेल, अशी त्यांना खात्री वाटेना. बोलावं आणि तिनं ऐकूच नये, याची भीती मात्र वाटली. मग त्यांनी कोरा कागद घेतला.

शाळेत दाखले लिहायचे त्याच अक्षरात त्यांनी लिहिलं. मी हृदयविकाराचा रुग्ण आहे. घरात आम्हा दोघांशिवाय कोणी नाही. माझे जेवण, औषधे, कपडे सर्व माझी पत्नी पाहते. मला स्वतःचा चहादेखील करता येत नाही. इथे हात थांबला. आयुष्यात त्यांनी शेकडो दाखले लिहिले असतील, पण स्वतःचा हा पहिलाच, आणि त्यात खोडण्यासारखं काही नव्हतं. शेवटी लिहिलं, सबब ती मुदतीत निश्चितपणे परत येईल. खाली सही केली.

विजयमालाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. ओळींखाली बोट धरून त्यांनी पत्र सावकाश वाचलं. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं.

“निश्चितपने, आसं लिवलंय.”

“लिहावं लागतं,” भाऊसाहेब म्हणाले. आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं फक्त ‘येईन’ म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. तिकडच्या साहेबासाठी नव्हे, त्यांच्यासाठी.

बाईंनी कागद घडी न घालता हिरव्या फायलीत सरकवला, फाईल कपाटात ठेवली आणि त्या चहाचं आधण ठेवायला उठल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, “या हिकडं. किती साखर, किती पत्ती, बगून ठेवा.”